झिजेचं माप

जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिचा पाय चुकला. पडली-बिडली नाही, अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा, पायरी संपलेली असावी आणि टाच नुसत्या हवेतून फरशीवर आदळावी, तसं झालं. लहानसाच धक्का. गुडघ्यातून कमरेत गेला, कमरेतून दातांत. खांद्यावरची पिशवी भिंतीला घासली. कठड्याला धरून ती तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की या जिन्याच्या पायऱ्या आपण कधी मोजल्याच नव्हत्या. जिला घरात मोजणीबाई म्हणून चिडवतात, भाकरीएवढा चंद्र दिसला तरी जी मनातल्या मनात त्याचा व्यास धरते, ती इतकी वर्षं आवाजाच्या आधाराने वर चढत होती. वरून वन्संच्या विणायच्या मशीनचा आवाज यायचा. जाताना खर्रर, येताना खर्रर, मधे एक श्वास. जाताना एक पाय, येताना दुसरा. आवाज टोकाला लागला की दार. आज जिना मुका होता. खालच्या मजल्यावर कुणी तरी नळ सोडला होता आणि पाणी बादलीत पडतापडता वर वर सुरात चढत होतं. बाकी काही नाही.

दार उघडंच होतं. वन्सं, म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, मशीनसमोर स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर. हे हात असे रिकामे, उताणे, तिने कधी पाहिले नव्हते.

"काय झालं, वन्सं?"

"मेलं."

"कोण?"

"कोण काय? हे काय समोर पसरलंय! चांगलं चाललं होतं, बाही उतरत होती, मधेच कट्‌ म्हणालं आणि डोळे फिरवले." वन्संनी मशीनची गाडी उलटी करून दाखवली. गाडी म्हणजे मुठीत धरून सुयांच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे ढकलायचा तो चपटा डबा. त्याच्या पोटात बोटभर लांबीचा, वाकड्या चढणीचा एक तुकडा असतो. त्या चढणीवर एकेक सुई चढते, पुढे येते, धागा धरते, उतरते. दुरुस्तीवाले त्याला कॅम म्हणत. तो तुकडा मधोमध मोडला होता. दोन्ही अर्धे वन्संनी पदराच्या टोकात बांधून ठेवले होते, दुधाचा दात ठेवावा तसे.

"दुरुस्तीवाल्याला फोन?"

"त्याला वर फोन लागत नाही," वन्संनी बोट आभाळाकडे केलं. "मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. म्हणाला, आजी, असलं मशीन मी फक्त फोटोत पाहिलंय. कंपनी बुडाली, साचे भंगारात गेले. आता कुठला तुकडा आणि कुठलं काय." मग दोन्ही हातांनी गुडघे दाबत त्या उठल्या आणि जणू भाजी निवडल्याचं सांगावं तसं म्हणाल्या, "भाचीला सांगून टाकलंय मी. रविवारी येतेय गाडी घेऊन. जुळी आहेत तिची, दिवसभर घर डोक्यावर घेतात. तिला माणूस हवंच होतं. मला बसून खायची सवय नाही, बाई. हात हलत होते तोवर ठीक होतं."

तिने काही तरी बोलायला हवं होतं. निदान 'असं काय बोलता'. तेवढं तर कुणीही म्हणतं. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बघू ते तुकडे."

बघायचे म्हणजे तिच्या लेखी चाचपायचे. हे तिचं रोजचंच काम. आयुष्याचा पहिला भाग ती एका यंत्रांच्या कारखान्याच्या नकाशा-खोलीत होती, उतरत्या टेबलावर वाकून, शाईच्या रेघा ओढत. ती खोली बंद झाली, टेबलं गेली, शाई गेली. रेघ ओढणारी माणसं इकडेतिकडे पांगली. ती या नव्या ठिकाणी आली. इथे रेघा पडद्यावर ओढतात आणि त्या रेघांचा खराखुरा तुकडा होऊन बाहेर पडतो. लोक थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. ज्या यंत्रांच्या कंपन्या संपल्या, ज्यांचे सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, ती यंत्रं चालवणारी माणसं इथे येतात. रुमालात बांधून, कागदाच्या पुडीत, कधी नुसते मुठीत घेऊन आपापले मोडके तुकडे आणतात. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचं चाक. पिठाच्या चाळणीचा दट्ट्या. कुठल्याशा नाट्यगृहाच्या पडद्याच्या दोरीची कप्पी. टेबलावर ठेवताना त्यांचा आवाज खाली येतो. "बघा, होईल का काही?" दवाखान्यात विचारतात तसंच. ती तुकडा आधी बोटांनी बघते, मग कॅलिपरच्या चिमट्याने, मग स्कॅनरखाली. आणि तिथला पहिला नियम असा की समोर आहे तसं छापायचं नाही. जो तुकडा मोडून आला तो मोडण्याआधी वर्षानुवर्षं झिजलेला असतो. तो तसाच छापला तर नव्याच्या नावाखाली म्हातारा जन्माला घातला. म्हणून झीज ओळखायची, गेलेलं भरून काढायचं, तुकडा जन्मला तेव्हा कसा होता ते पडद्यावर उभं करायचं. यात तिचा हात कुणी धरत नसे. कुठे घासलंय, कशाने घासलंय, किती गेलंय, हे तिला लहान मुलाच्या कपाळावर ताप कळावा तसं कळे. संध्याकाळी घरी जाताना तिची बोटं आपसूक बसच्या दांड्यावर, दुकानाच्या कडीवर, उंबऱ्यावर फिरत आणि मनात येई, इथून इतकं गेलं. माणसांकडेही ती तशीच बघे. स्वतःकडे बघायचं टाळे.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही अर्धे स्कॅनरखाली ठेवले. पडद्यावर तो तुकडा मोठा होऊन फिरला, डोंगरासारखा. झिजलेला भाग तिथे लाल दिसतो, शाबूत निळा. डावी चढण जवळजवळ निळीच होती. उजवी मात्र माथ्यापाशी लाल, आणि तो लालपणा सरळ न जाता तिरपा ओघळलेला. तिने नियमाप्रमाणे लाल भरून काढलं, दोन्ही चढणी सारख्या केल्या. प्रिंटर चालवणारा मास्कमधूनच हसला. त्याला सगळे पावडरवाला म्हणत. भुवयांपासून बुटांपर्यंत तो नायलॉनच्या पांढऱ्या भुकटीत लोळलेला असे. "घरचं काम वाटतं, ताई? चेहऱ्यावरनं कळतं. घरचं असलं की तुम्ही खुर्ची पुढे ओढता." तिने खुर्ची थोडी मागे सरकवली. भुकटीचा एक पातळ थर पसरायचा, त्यावर प्रकाशाची सुई फिरायची, जिथे फिरेल तिथे भुकटी वितळून धरायची. मग वर दुसरा थर. असं थरावर थर. आणि सगळं झालं तरी लगेच उकरायचं नाही, गरमागरम काढला की तुकडा वाकतो. भुकटीच्या पोटात त्याला निवू द्यायचं. ते निवायची वाट बघणं तिला आवडे. या सगळ्या खटपटीत तेवढंच काय ते कुणाच्या हातात नव्हतं.

तोवर घरात शांतता राहायला आली होती. पहिल्या संध्याकाळी ती घाबरत घरात शिरली होती. दुसऱ्या संध्याकाळी तिला जाणवलं की आपले खांदे खाली आलेत. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो आवाज भिंतीसारखा होता. त्यावरून भांडणं झाली, त्याआडून रडणं झालं, नवरा-बायकोची कुजबुज त्या आवाजाच्या आडोशाला व्हायची. फोनवर बोलायचं तर जिन्यात जायला लागे. पुस्तक वाचायला घेतलं की ओळींना त्या आवाजाचा ठेका लागे आणि अर्थ निसटे. कधी डोकं दुखत असलं तर ती दारात येऊन नुसती उभी राही, आणि वन्सं मान वर न करता म्हणत, "कळलं गं. एवढी पाठ होऊ दे." पाठ झाली की पुढा. पुढा झाला की बाह्या. शाळांचे स्वेटर, एकाच रंगाची ढीगभर पोरं, तिला वाटे, हात पसरून आपल्या घरात लटकून राहिलीयत. आता ते काही नव्हतं. चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला लागताना कसं आधी पुटपुटतं, ते तिने कितीतरी वर्षांनी ऐकलं. भिंतीपलीकडच्या घरात कुणी तरी पानं उलटत होतं. बरं वाटलं. आणि बरं वाटलं हे कळताच तिला स्वतःची किळस आल्यासारखं झालं, पण तीही थकलेली किळस, तोंड फिरवून झोपणारी. वन्सं गेल्या तर रोजच असं असेल. दाराशी एकच चप्पल, एक पातेलं, एक दिवा. हवंय का हे आपल्याला? तिने स्वतःला विचारलं. वन्सं मात्र घरभर फिरत होत्या, एकेक वस्तू उचलून पुन्हा जागेवर ठेवत. हातांना काम नव्हतं म्हणून डब्यांची झाकणं पुसत होत्या, पुसलेली पुन्हा पुसत होत्या.

पहिला तुकडा देखणा निघाला. पांढराशुभ्र, दोन्ही खांदे सारखे. तिने तो गाडीच्या पोटात बसवला, स्क्रू आवळले. वन्संनी लोकर लावली, मूठ धरली. जाताना गाडी लोण्यासारखी गेली. येताना वीतभर आली आणि अडली. पुन्हा ढकलली, तर दहा-पंधरा टाके सुयांवरून सुटून लोंबायला लागले, आणि एक सुई वाकडी झाली.

"ही कुठली नवी सून आणलीस गं?" वन्सं म्हणाल्या. "दिसायला गोरीपान, पण घरात कुणाशी जमत नाही हिचं. सुया रुसल्यात बघ सगळ्या."

"माप बरोबर आहे, वन्सं. शंभर वेळा बघितलंय."

"तुझं माप बरोबरच असतं गं. मापाची कुठली चूक." वन्सं वाकडी सुई बोटांत धरून सरळ करत होत्या. "जुन्या संसारात नवं माणूस असंच. तू आलीस तेव्हा तू काय कमी अडत होतीस? ओट्याची उंची सुद्धा चुकीची आहे म्हणाली होतीस, पहिल्या आठवड्यात."

"चुकीचीच आहे अजून."

"आहेच. पण आता तुला कळत तरी नाही." आणि त्या हसल्या, पोटातून, खांदा हलवत, मग हसू अर्ध्यात थांबवून उजवा खांदा डाव्या हाताने धरून बसल्या.

तो खांदा. ती बघतच राहिली. "वन्सं, नुसतीच ढकला बरं गाडी. लोकर नको. नेहमी ढकलता तशी." "रिकामी?" "रिकामी." वन्संनी ढकलली. डावीकडून जाताना हात सरळ. परत येताना कोपर किंचित उचलला जात होता, अंग पुढे झुकत होतं, गाडी ढकलली न जाता ओढल्यासारखी तिरपी येत होती, तिच्या पुढच्या कडेवर सगळा भार देऊन. कुणाला दिसणार नाही इतकंच. पडद्यावर दिसलं होतं मात्र. तिरपा ओघळलेला लाल.

आणि ते कधीपासून, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा ती नकाशा-खोलीत होती. घर त्या पगारावर होतं, तिला सुटी घेणं शक्य नव्हतं. दिवसभर वन्सं. त्याला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, पाठीला पाठ लावून भिंतीसारखं बसायचं म्हणजे तो जेवेल. तो उंच होता, आणि आजारी माणसाचं वजन वाढतं, सगळं त्याच्याच नकळत तो तुमच्यावर टाकतो. एका संध्याकाळी ती आली तेव्हा वन्सं हात पोटाशी धरून उभ्या होत्या. "काही नाही, चमक भरली." चमक निघाली नाही. हात खांद्याच्या वर जाईना. पण मशीन थांबलं नाही. एका हाताने भावाला, एका हाताने गाडीला. म्हणायच्या, ऐकायला कुणी असो नसो,

जाते येते माझी गाडी, गाव तिचं हातभर,
लेकराच्या पाठीवर ऊब जाते दूरवर.

आतल्या खोलीतून तो म्हणायचा, "ताई, दुसरं काही म्हण की. हे ऐकून ऐकून मीच बाही झालो." आणि मग तो गेला. घरात माणसं आली, बसली, उठली, गेली. सगळे गेल्यावर ती आतल्या खोलीत, उशीवर अजून त्याच्या डोक्याचा खड्डा होता तिथे, हात ठेवून बसली होती. आणि बाहेर खर्रर सुरू झालं. आज तरी? तिच्या मस्तकात तिडीक गेली. थांबवा म्हणायला ती बाहेर आली आणि बघितलं तर सुयांवर लोकर नव्हती. खाली काही उतरत नव्हतं. वन्सं रिकामी गाडी ढकलत होत्या, डावीकडे, उजवीकडे, डोळे भिंतीवर, तोंड कोरडं, खांदा दुखतोय तसा उचलत. ती तशीच परत आत गेली होती. त्यावर त्या दोघी आजवर बोलल्या नव्हत्या. बोलायचं तरी काय, आणि कुठल्या शब्दांनी? मशीनचा आवाज तेवढा पुढे चालू राहिला, आणि त्याच्या आडोशाला दोघी जणी आपापल्या जागी म्हाताऱ्या होत गेल्या.

म्हणजे तुकड्याच्या उजव्या माथ्यावरून जे गेलं होतं, ते भरून काढणं म्हणजे तो सगळा काळ पुसून टाकून वन्संच्या हातात तरुण खांदा असल्याचं धरून चालणं. खांदा कुणी छापून देणार नव्हतं. सुयाही त्याच खांद्याबरोबर तिरप्या घासल्या होत्या, रूळही. सगळं मशीन एका कुशीवर वळलेलं होतं. तिने ऑफिसात पडद्यावरचा सरळ केलेला तुकडा बाजूला सारला आणि पहिलाच, स्कॅनरखाली दिसला तसा, लाल ओघळासकट, पुढे घेतला. फक्त जिथे मोडला होता तिथे आतून जाडी दिली.

"ताई, हा?" पावडरवाल्याने मास्क खाली ओढला. "हा तर झिजलेला आहे."

"असाच काढा."

"तुम्ही सांगताय? गेल्या महिन्यात याच चुकीसाठी नवीन पोरीला तुम्हीच रडवलंत. म्हातारा जन्माला घालतेस का म्हणालात."

"हो. हा म्हाताराच हवाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तब्येत बरी आहे ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिला नवल वाटलं, कारण हे खरं होतं. तब्येत बरी नव्हती. कधीपासून नव्हती ते आठवत नव्हतं. ताप नाही, दुखणं नाही. नुसतं एकेक थर खाली बसत गेल्यासारखं. पावडरवाल्याने पुढे विचारलं नाही. "सगळ्यांचीच नाही," एवढं पुटपुटून तो भुकटी चाळायला वळला.

शुक्रवारी तुकडा निवला. भुकटीतून उकरून, ब्रशने झाडून त्याने तो तिच्या तळहातावर ठेवला. कुरूप होता. एक खांदा पडलेला. तिने अंगठा माथ्यावरून फिरवला आणि अंगठ्याला कळलं, हा बसेल. इतकं निश्चित तिला फार दिवसांत काही कळलं नव्हतं. बसमध्ये तिने पिशवीच्या आतल्या कप्प्यात बोट घालून पुन्हा पुन्हा तो चाचपला. जिना चढली. दार लोटलं. वन्सं जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या करत होत्या, बाजूला एक जुनी बॅग तोंड उघडून. "बरं झालं आलीस. ही साडी तुला ठेवू की नेऊ? तिकडे पोरं ओढून ओढून फाडतील." आवाज हलका होता, जवळजवळ आनंदी. वन्संना जायचंच असेल तर? हा विचार पायात काटा घुसावा तसा आला. पोरांचा गलका, हातापायांशी कुणी तरी. इथे काय, एक थकलेली भावजय, जी येते, जेवते, डोक्याला हात लावून बसते. आपण तुकडा काढून दिला तर त्या इथेच बसतील, त्याच स्टुलावर, तोच खांदा उचलत. आणि नाही दिला तर घर निवांत. दोन्हीकडून त्यांचं भलंच दिसत होतं आणि दोन्हीकडून आपलाच स्वार्थ. "न्या," ती म्हणाली. "तुम्हाला शोभते." पिशवी तिने खुंटीला लावली. त्या संध्याकाळी काढला नाही तुकडा. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसभर खुंटीवरची ती पिशवी घरातल्या तिसऱ्या माणसासारखी बघत राहिली. वन्सं घड्या करत होत्या, मोडत होत्या, पुन्हा करत होत्या. दोघींमध्ये बोलणं झालं ते मिठाच्या बरणीचं, दुधाचं, चावी कुठे ठेवायची त्याचं. इतकी शांतता होती की वन्संचे घोट ऐकू येत. आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदाच ऐकू आलं की वन्सं श्वास घेताना शेवटी किंचित अडतात, चढणीवर सुई अडावी तसं. ते आधी कधी ऐकूच आलं नव्हतं. आवाजाखाली झाकलेलं होतं. भाचीच्या घरात, त्या गलक्यात, ते कोण ऐकणार?

रविवारी सकाळी बॅग दाराशी उभी होती. वन्संनी वेणी घातली होती, पायांत चपला चढवून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, दुसऱ्याच्या घरी बसतात तसं. तिने पिशवीत हात घातला आणि मशीनवर तो तुकडा ठेवला.

वन्सं वाकल्या. उचलला. माथ्यावरून अंगठा फिरवला, अगदी तिच्यासारखाच. "हा तर आपलाच आहे. मोडायच्या आधीचा." मग, "केव्हा झाला?"

"परवा."

"आणि आज काढतेस?"

खोटं बोलायला लागणारी उमेदही तिच्यात नव्हती.

"तुला तो आवाज नको असतो," वन्सं म्हणाल्या. रागाने नाही. "पहिल्यापासून नको असतो. मला काय कळत नाही?"

"नको असतो."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "तुमचा श्वास अडतो, वन्सं. झोपेत नाही, जागेपणी. कधीपासून अडतो?"

"मला काय माहीत! मी ऐकते का माझा श्वास?"

"मी ऐकला. दोन दिवस तेच ऐकत होते." बोलताबोलता तिने स्क्रूड्रायव्हर घेतला होता. गाडी उलटी केली, तुकडा बसवला. बसताना त्याने आवाज केला नाही. "ओढून बघा."

"आता? भाची येईल इतक्यात."

"येऊ दे."

वन्संनी चपला काढल्या. स्टूल ओढलं. लोकरीचं टोक ओठांनी ओलं करून सुयांवर घातलं. मूठ धरली. जाताना खर्रर. श्वास. परतीला कोपर उचलला गेला, अंग झुकलं, गाडी तिरपी झाली आणि तशीच तिरपी, न कुरकुरता, सगळ्या सुयांना एकेक करून उठवत आणि निजवत आली. एकही टाका सुटला नाही. पुन्हा. पुन्हा. खाली करंगळीएवढी विणलेली पट्टी उतरली. तिच्या कपाळात नेहमीच्या जागी दुखायला लागलं, अगदी त्याच जागी, आणि ती भिंतीला टेकून ते दुखणं सोसत ऐकत राहिली.

खाली हॉर्न वाजला. मग भाचीचा आवाज, "मामी! झालं का गं मावशीचं? गाडी मधेच उभी केलीय!"

ती खिडकीशी गेली. मागे वळून बघितलं. गाडी सुयांच्या मधोमध होती. वन्संनी मान वर केली नाही.

"तिला सांग, ओळ अर्धी आहे," वन्सं म्हणाल्या. "अर्ध्या ओळीवरून उठत नसतात."

"अर्धी ओळ आहे गं!" ती खाली ओरडली.

"काय?"

"ओळ! अर्धी!"

"बरं बरं, होऊ दे! पण लवकर!"

गाडी उजव्या टोकाला लागली. ओळ पुरी झाली होती. ती बघत होती त्या मुठीकडे. मूठ सुटली नाही. एक श्वास झाला, शेवटी किंचित अडलेला. कोपर उचलला गेला, आणि परतीची ओळ सुरू झाली.

"वर ये गं," ती खिडकीतून म्हणाली. "वेळ लागेल."